बॉक्सवर १०००, क्रोनोवर ७६०: एअरगनच्या वेगाचा घोळ सोप्या भाषेत

नवीन एअरगन घेतली, बॉक्सवर ठसठशीत अक्षरात १००० एफपीएस लिहिलंय, मग ओळखीतल्या कुणाच्या तरी क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, मारून बघितली तर आकडा आला ७६०. की लगेच ग्रुपवर प्रश्न येतो, "मला फसवलं का?" आणि त्याखाली पन्नास जण पन्नास उत्तरं देतात, कुणी म्हणतो स्प्रिंग गेली, कुणी म्हणतो क्रोनो बोगस, कुणी म्हणतो माझी ९०० देते. बहुतेक वेळा गन पण ठीक असते आणि क्रोनो पण. गडबड असते ती आपण तो आकडा कसा वाचतो त्यात.

एफपीएस म्हणजे फूट प्रति सेकंद. १००० एफपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ३०५ मीटर. इथून पुढे मी शक्यतो मीटरमध्येच बोलणार आहे, पण बॉक्स आणि यूट्यूब दोन्ही फुटात बोलतात म्हणून हे एकदा सांगून टाकलं.

क्रोनो नक्की काय मोजतो

नाव भारी आहे, काम साधं. रस्त्यावर दोन टोलनाके आहेत, पहिला किती वाजता ओलांडला आणि दुसरा किती वाजता ओलांडला एवढी नोंद झाली, मधलं अंतर माहीत आहे, मग गाडी सरासरी किती वेगात आली हे कागदावर काढता येतं, गाडीचा स्पीडोमीटर बघायची गरजच नाही. क्रोनोमध्ये हे दोन नाके म्हणजे दोन लाइट सेन्सर. छर्रा वरून गेला की त्याची सावली पहिल्या सेन्सरवर पडते, घड्याळ सुरू. दुसऱ्यावर पडली, घड्याळ बंद. म्हणजे यंत्र फक्त वेळ मोजतं, वेग हा भागाकार करून आलेला असतो.

आता ही वेळ किती छोटी आहे बघा. सेन्सरमध्ये ३० सेंटीमीटर अंतर आणि छर्ऱ्याचा वेग सेकंदाला २४० मीटर धरला तर छर्रा हे अंतर १.२५ मिलिसेकंदात कापतो, आपली पापणी लवायला याच्या साधारण शंभरपट वेळ लागतो. पण इलेक्ट्रॉनिक घड्याळाला हे अवघड नाही, सेकंदाचा दहा लाखावा भाग मोजणारं घड्याळ आजकाल स्वस्तातल्या चिपमध्ये पण असतं. अडचण येते ती अंतरात. ३० सेंटीमीटरच्या जागी अंतर १ मिलिमीटरने चुकलं तर वेग ०.३ टक्क्याने चुकतो. आणि बॅरलच्या तोंडावर लावायचे जे छोटे क्रोनो येतात त्यात सेन्सर १० सेंटीमीटरवर असले तर तोच १ मिलिमीटर पूर्ण १ टक्का खातो. म्हणून छोटं यंत्र म्हणजे वाईट असं नाही, पण ते बनवताना सेन्सर जास्त काटेकोर बसवावे लागतात.

रडारवाले क्रोनो पण आहेत, क्रिकेटमध्ये बॉलरचा स्पीड दाखवतात तेच तंत्र, लांब जाणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरींची फ्रिक्वेन्सी बदलते त्यावरून वेग. त्यांच्यावर नेम धरून मारावं लागत नाही हा सगळ्यात मोठा फायदा, का ते पुढे कळेलच.

गंमत म्हणजे हे सगळं नसताना पण लोक मोजत होते. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने जड ठोकळा पेंडुलमसारखा टांगून त्यात गोळी मारायची पद्धत मांडली, गोळी आत रुतते, ठोकळा मागे झोका घेतो, झोका किती गेला त्यावरून गोळीचा वेग. बंदुकीच्या गोळीचा वेग भरवशाने मोजता आला तो तेव्हापासून.

वेग कळला, मग ताकद कशी काढायची

ताकद म्हणजे इथे ऊर्जा, ती जूलमध्ये मोजतात. शाळेतलं सूत्र आहे, अर्धा गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. वजन किलोमध्ये टाकायचं, वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर जूलमध्ये. छर्ऱ्याचं वजन डब्यावर ग्रॅममध्ये नाहीतर ग्रेनमध्ये असतं, १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. फूट आणि ग्रेनवाल्यांचं वेगळं सूत्र आहे: ग्रेन गुणिले एफपीएस गुणिले परत एफपीएस, भागिले ४,५०,२४०, उत्तर फूट-पाउंडमध्ये. हा विचित्र आकडा कुठून आला असं मला कित्येक दिवस वाटायचं. २ गुणिले ७००० गुणिले ३२.१६. सात हजार ग्रेनचा एक पाउंड आणि ३२.१६ हे फुटातलं गुरुत्वाकर्षण, बस. काही कॅल्क्युलेटर ३२.१७४ वापरतात म्हणून दोन अॅपची उत्तरं अगदी किंचित वेगळी येतात, त्यावरून भांडू नका. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ जूल.

आता तो बॉक्स काढा. १००० एफपीएसचा आकडा बहुतेक वेळा हलक्या अलॉयच्या (मिश्रधातूच्या) छर्ऱ्याने काढलेला असतो, साधारण ५.२ ग्रेनचा, म्हणजे ०.३३७ ग्रॅम. सूत्रात टाकला की येतात १५.७ जूल. तुम्ही मारला शिशाचा नेहमीचा ८.४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४४ ग्रॅम, वेग आला ७६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला २३२ मीटर. याचे येतात १४.६ जूल.

बघा, वेगात २४० फुटांचा फरक आणि ताकदीत जेमतेम १ जूलचा. रिकामी हातगाडी आणि भरलेली हातगाडी एकाच माणसाने ढकलली तर दोन्ही एकाच वेगात जाणार नाहीत, पण माणूस तोच आहे ना. तर फसवलं का? खोटं नाही लिहिलं, पण विकायला सोयीचं लिहिलं. छर्ऱ्याचं वजन न सांगता नुसता एफपीएस सांगणाऱ्याचं मी तरी मनावर घेत नाही, मग ती कंपनी असो नाहीतर मित्र.

"१५ जूल म्हणजे काहीच नाही की"

हे मी खूपदा ऐकलंय आणि आकड्यापुरतं ते खरं आहे. १५ जूल म्हणजे एक किलोचं वजन दीड मीटरवरून पडलं की जेवढी ऊर्जा तेवढी. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा बॉल ताशी १४० किलोमीटरने आला तर त्यात साधारण १२० जूल असतात, छर्ऱ्याच्या आठपट. मग छर्रा निरुपद्रवी? अजिबात नाही. बॉलची ऊर्जा पसरून लागते, छर्ऱ्याची सगळी ४.५ मिलिमीटरच्या ठिपक्यात लागते, तळहाताने दाबणं आणि सुईने दाबणं यातला फरक. यातल्या अर्ध्या ऊर्जेने पण डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे मोजताना गॉगल हवा, क्रोनोच्या मागे छर्रा थांबवणारं भक्कम काहीतरी हवं आणि आकडा वाचायला कुणी पुढे वाकलंय तोपर्यंत गनला हात नको. आकडा वाचायच्या उत्साहात हे शेवटचं लोक विसरतात.

एक शॉट मारून आकडा सांगू नका

एकदा ताप मोजला आणि १०१ आला तर आपण परत मोजतो, इथे मात्र एका शॉटचा स्क्रीनशॉट टाकून मोकळे. किमान दहा शॉट मारा, सगळे लिहा. त्याला स्ट्रिंग म्हणतात. माझ्या जुन्या स्प्रिंगरची, म्हणजे स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या गनची, एक स्ट्रिंग वहीत आहे, मीटरमध्ये: २३१, २३३, २३०, २३२, २५१, २३४, २३१, २३०, २३२, २३१.

पाचवा बघा. त्या शॉटला आवाज पण वेगळा आला होता, कडक, आणि नळीच्या तोंडातून धुराची बारीक रेघ, जळक्या तेलाचा वास. आतलं जास्तीचं तेल दाबलेल्या गरम हवेत पेटलं होतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. नवीन गनमध्ये सुरुवातीचे बरेच शॉट असे येतात आणि नेमका त्यातलाच एखादा आकडा लोक "माझी गन एवढी देते" म्हणून मिरवतात.

बाकी नऊ २३० ते २३४ मध्ये आहेत. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यातला फरक म्हणजे स्प्रेड, इथे ४ मीटर, स्प्रिंगरला हा छान आहे. स्टँडर्ड डेव्हिएशन हा शब्द पण क्रोनोवर दिसतो, आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं ते माप, एखाद्या चुकार शॉटने स्प्रेड फुगतो तेवढा हा फुगत नाही. दोन्ही जितके कमी तितकं चांगलं, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

आणि याचा नेमावर परिणाम? हळू गेलेला छर्रा जास्त वेळ हवेत राहतो म्हणून जास्त खाली पडतो. २४० आणि २३० या दोन शॉटमध्ये १० मीटरवर १ मिलिमीटरचा पण फरक पडत नाही, ३० मीटरवर साधारण ८ मिलिमीटर, ५० मीटरवर दोन सेंटीमीटरच्या वर. म्हणजे जवळच्या टिनच्या डब्यावर मारणाऱ्याने स्प्रेडची चिंता करून झोप घालवू नये, लांब मारणाऱ्याने मात्र घालवावी.

प्रत्येक गन वेगळं बोलते

पीसीपी म्हणजे जिच्या टाकीत आधीच दाबाने हवा भरलेली असते. यात रेग्युलेटर, म्हणजे दाब एकसारखा ठेवणारा भाग, नसेल तर एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते, टाकी फुल्ल असताना वेग कमी, मग वाढत जातो, मग परत उतरतो. कारण दाब खूप असला की आतला व्हॉल्व्ह उघडायलाच जोर लागतो, बाहेर वारा सुटलेला असताना दार ढकलून बघा, फट पडते पण पूर्ण उघडत नाही, तसंच. हवा कमी सुटते, वेग कमी. थोडा दाब उतरला की व्हॉल्व्ह नीट उघडतो. क्रोनोवर चाळीसेक शॉटचा आलेख काढला की मधला सपाट टप्पा दिसतो, तेवढ्याच दाबात गन वापरायची. २०० बार (बार हे दाबाचं माप) भरता येतं म्हणून भरायलाच हवं असं नाही, हे क्रोनोशिवाय कळत नाही.

सीओटूवाल्या गन हवामानावर चालतात. आत द्रवरूप वायू असतो, २० अंशाला त्याचा दाब साधारण ५७ बार, थंडीत कमी. भराभर मारलं तरी कमी होतो, डिओचा स्प्रे सलग मारला की डबा गार पडतो ना, तेच. म्हणून यात दोन शॉटमध्ये थांबून मोजा.

आणि एक ढोबळ नियम: पीसीपीत जड छर्रा घातला तर ऊर्जा सहसा वाढते, स्प्रिंगरमध्ये बरेचदा उलटं होतं. त्यामुळे "या गनची ताकद किती" याला एकच उत्तर नसतं, छर्ऱ्यागणिक उत्तर बदलतं.

दोन क्रोनो दोन आकडे दाखवतात, खरा कुठला?

आधी बघा की दोन्ही एकाच जागी होते का. छर्रा हलका असतो, हवेत वेग पटकन गमावतो, ४.५ मिलिमीटरच्या नेहमीच्या छर्ऱ्याला मीटरमागे साधारण सेकंदाला १ मीटर. एक क्रोनो तोंडाला लावलेला आणि दुसरा ३ मीटरवर असेल तर फरक येणारच, दोन्ही खरे.

मग उजेड. उघड्या सेन्सरच्या क्रोनोला वर एकसारखा उजेड लागतो, ढगाळ दिवस उत्तम. घरात ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली ठेवला की एररच एरर, कारण असे बरेच दिवे विजेच्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण सेन्सरला दिसतं आणि त्याला वाटतं सावली पडली. ज्यात स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतात त्यांना हा त्रास कमी. फार जवळून मारलं तर छर्ऱ्यामागची हवेची लाट किंवा धूर पण सेन्सरला फसवतो, मग एखादा आकडा भलताच येतो. तिरकं मारलं तर छर्रा जास्त अंतर कापतो आणि वेग कमी दिसतो, पण ५ अंश तिरकं झालं तरी चूक ०.४ टक्का, फार नाही.

तिरकं मारण्यात खरा धोका वेगळाच आहे, क्रोनोलाच छर्रा लागण्याचा. मी लावलाय. स्कोपमधून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतून, बघितलं तर सेन्सरच्या वरून अगदी मोकळी वाट दिसत होती, चाप ओढला आणि खटकन आवाज, समोरच्या सेन्सरचं प्लॅस्टिक तडकलेलं. स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसलेला असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या क्षणी डोक्यात नव्हतं, इतकंच. डोळ्याला जी मोकळी वाट दिसते ती स्कोपची, नळीची वाट त्याच्या खालून जाते. आता मी आधी नळीच्या बाजूने उघड्या डोळ्याने बघतो, मगच मारतो.

आणि लक्षात घ्या, सूत्रात वेगाचा वर्ग आहे, म्हणून वेगातली चूक ऊर्जेत दुप्पट होते. वेग १ टक्का चुकला की जूल २ टक्के.

क्रोनो नाही, मोबाईलवर जमेल का?

जमतं, आणि बऱ्यापैकी जमतं. अॅप असतात, पण नुसत्या साउंड रेकॉर्डिंगवर पण होतं. गनचा आवाज एक, छर्रा पत्र्यावर आपटल्याचा आवाज दोन, मधली वेळ बघायची. रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुने घेतं म्हणजे वेळ पुरेशी बारीक कळते. गनजवळ मोबाईल ठेवला तर आपटल्याचा आवाज परत यायला लागलेली वेळ वजा करा, आवाज २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरसाठी २९ मिलिसेकंद. हे विसरलात तर २२० मीटरचा वेग १३४ दिसेल आणि परत तोच प्रश्न, मला फसवलं का. वजाबाकी नको असेल तर मोबाईल बरोब्बर मध्यावर पण बाजूला, छर्ऱ्याच्या वाटेपासून लांब ठेवा, दोन्ही आवाजांना सारखंच अंतर पडतं आणि हिशोब आपोआप जुळतो. फक्त हा १० मीटरचा सरासरी वेग आहे, तोंडाशी त्याहून जास्त असतो.

कायद्याची रेषा आणि एक टक्का

ब्रिटनमध्ये साध्या एअर रायफलला १२ फूट-पाउंड म्हणजे १६.३ जूलची मर्यादा आहे, जर्मनीत ७.५ जूल, भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांत २० जूल आणि ४.५ मिलिमीटर बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप. कॅनडात वेग १५२.४ मीटर आणि ऊर्जा ५.७ जूल या दोन्ही गोष्टी ओलांडल्या तरच गन वरच्या वर्गात जाते.

८.४४ ग्रेनच्या छर्ऱ्याला १२ फूट-पाउंड म्हणजे बरोबर ८०० एफपीएस. आता तुमचा क्रोनो ७९५ दाखवतोय, हिशोब ११.८५, म्हणजे आत आहात. पण तो १ टक्का कमी दाखवत असेल तर खरा वेग ८०३ आणि ऊर्जा १२.०९, म्हणजे बाहेर. आणि हे एकाच छर्ऱ्याचं झालं, दुसरा डबा उघडला की परत पहिल्यापासून. म्हणून जाणकार लोक रेषेला चिकटून गन सेट करत नाहीत, दुसऱ्याच्या क्रोनोवर पण एकदा मारून बघतात आणि मग थोडी जागा सोडतात.

"एकदा मोजलं, झालं, परत कशाला?"

वेग जास्त म्हणजे नेम चांगला असं समजून लोक एकदा मोजतात, आकडा मिरवतात आणि क्रोनो कपाटात. मुळात नेमासाठी वेग जास्त लागत नाही, आवाजाच्या वेगाजवळ गेला की कमरेत बारीक असलेला छर्रा उलट डगमगायला लागतो. १० मीटरच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफली १७५ मीटरच्या आसपासच मारतात आणि त्यांचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

मला क्रोनोचा खरा उपयोग वहीमुळे झाला. तारीख, छर्रा, तापमान, दहा आकडे. जुन्या स्प्रिंगरचे २३१ हळूहळू २२६ झाले, मग २१४, मारताना हाताला काहीच जाणवत नव्हतं, फक्त लांबचे छर्रे थोडे खाली लागत होते आणि मी स्कोपला दोष देत होतो. स्प्रिंग मागवायच्या आधी नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवली आणि एक शॉट मारला. पट्टी उडाली. म्हणजे हवा तिथूनच गळत होती. छोटंसं रबरी सील, चपटं झालेलं. ते बदललं, त्याच डब्यातले छर्रे घेतले, वहीत पुढची ओळ: २३०, २३१, २२९, २३१.